तू त्यावरच काम करतेस ना?

मी निघाले त्या दिवशी आमच्या बिल्डिंगला पाणी नव्हतं. सकाळीच पंपाची मोटार जळली होती आणि बाबा खाली पंपरूममध्ये ती उतरवत होते. घाटकोपरच्या भटवाडीतली आमची बिल्डिंग, माझं दुपारचं निघणं ठरलेलं, बॅगा बांधून दाराशी ठेवलेल्या, आणि आई शेजाऱ्यांच्या ड्रममधून पाणी आणून माझी शेवटची डाळ शिजवत होती. बाबांना विमानतळावर यायचं होतं. पण पंप चालू झाल्याशिवाय ते कुठेही हलणार नाहीत, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. बाबांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान. जळलेली मोटार खोलायची, आतली जुनी तार तोडून काढायची, नवी तांब्याची तार भरायची, वॉर्निश लावून भट्टीत सुकवायची आणि परत बांधायची. देवगडहून पोरवयात मुंबईला आल्यापासून त्यांनी दुसरं काही केलं नव्हतं.

टॅक्सी आली तेव्हा मी पंपरूममध्ये गेले. बाबांनी मोटारीचं तोंड माझ्याकडे फिरवलं आणि विचारलं, "वास येता काय गो जळल्याचो?"

अख्ख्या खोलीत तो करपट वास कोंडला होता. मी म्हटलं, येतोय की, डोकं दुखेल एवढा येतोय. ते म्हणाले, "माका सर्दी झाली हा." मी वाकून नमस्कार केला. हात काळे होते म्हणून त्यांनी मनगटाची मागची बाजू माझ्या डोक्यावर टेकवली आणि म्हणाले, "जा. गाडी थांबली हा." एवढाच निरोप. दादा माझ्याबरोबर विमानतळापर्यंत आला. बिल्डिंगला संध्याकाळी पाणी आलं, ते मला दुसऱ्या दिवशी आईने फोनवर सांगितलं.

हे मी भटवाडीत राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि तिथून उठून बदलापूरला, दुबईला, कॅनडाला गेलेल्यांसाठीही. कारण बिल्डिंगच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी मला एकच प्रश्न विचारलाय. कुणी प्रेमाने विचारला, कुणी थोडा टोचून. "तू त्यावरच काम करतेस ना? मग बाबांना का नाही काही देत?" प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायला घेतलं आणि अर्ध्यात सोडलं. आता एकदाच सगळं सांगते.

मी गेले नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन नावाच्या गावात, पीएचडीला. गावच म्हणायचं, सायकलने या टोकाहून त्या टोकाला सहज जाता येतं. पहिल्या हिवाळ्यात दुपारी चारलाच दिवे लागायचे आणि मला उगाच वाटायचं की आज काहीतरी वाईट घडलंय. हळूहळू सवय झाली. आता मी ओल्या रस्त्यावरून एका हाताने सायकल चालवते, ब्रेडवर चॉकलेटचे दाणे घालून खाते आणि लॅबमध्ये उणे ऐंशी अंशांचा फ्रीजर उघडताना तोंडातून "मॅक्केलिक" निघतं. इकडचे लोक सगळ्या कामाला तसं म्हणतात, म्हणजे सोपं. सोपं काहीच नसतं.

माझा विषय एक्सोसोम. बाबांच्या आजारामुळे मी हा विषय घेतला असं तुम्हाला वाटतं, आणि ते ऐकायला छान असलं तरी खरं नाही. त्या लॅबमध्ये जागा होती, मला स्कॉलरशिप मिळाली, मी गेले. तेव्हा बाबा आमच्या नजरेत ठणठणीत होते.

एक्सोसोम म्हणजे काय, तेही एकदा सांगते. आपल्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी बाहेर बारीक पुड्या सोडत असते. इतक्या बारीक की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. पूर्वी लोकांना वाटायचं की पेशी आपला कचरा बाहेर टाकतेय. मग कळलं की त्या पुड्यांमधून एक पेशी दुसरीला काही काही पाठवत असते. मेंदूतल्या पेशीही पाठवतात. त्यात कामाचा माल असतो, तसा कधी बिघडलेलाही. पार्किन्सनमध्ये एक प्रथिन चुकीचं दुमडतं आणि मेंदूत साचत जातं. ते एका पेशीतून दुसरीत जातं, त्यात या पुड्यांचाही हात असावा, असं दिसतंय. आणि यातल्या काही पुड्या रक्तात उतरतात. म्हणजे मेंदूला हात न लावता, दंडातून रक्त काढून, आत काय चाललंय याचा अंदाज कधीतरी लवकर घेता येईल, ही आमची आशा. पुढे कधी त्याच पुड्यांमध्ये औषध भरून मेंदूपर्यंत पोचवता येईल, ही आणखी लांबची आशा. मी दिवसभर यंत्रात रक्त गरागरा फिरवून त्या पुड्या वेगळ्या करते आणि मोजते.

मी गेल्याच्या तिसऱ्या वर्षी आईने कोकम, पापड आणि कुळथाचं पीठ पाठवलं. प्रत्येक पुडीवर बाबांच्या अक्षरात चिठ्ठी. दुकानात मोटारींवर लेबल लावायची सवय, म्हणून हे काम नेहमी त्यांचंच. अक्षर बारीक झालं होतं, ओळीच्या शेवटी तर मुंगीएवढं. मी हसले, म्हटलं, बाबा कागद वाचवतायत. चिठ्ठ्या फ्रीजवर चिकटवल्या आणि सायकल काढून लॅबमध्ये गेले. तिथे त्या दिवशी पार्किन्सनच्या पेशंटांचेच नमुने होते.

चार महिन्यांनी दादाचा फोन आला. दादा म्हणजे संतोष, माझा मोठा भाऊ, तेव्हा एका लिफ्टच्या कंपनीत होता. म्हणाला, बाबांचा उजवा हात बसल्याबसल्या थरथरतो, तार भरताना तुटते, परवा एक मोटार त्यांनी अर्ध्यात ठेवून दिली. बाबांनी मोटार अर्ध्यात ठेवली, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मुलुंडच्या एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, पार्किन्सन. दादाने मला विचारलं, हे अचानक कसं झालं? मी म्हटलं, अचानक नाही झालं. हात थरथरायच्या पुष्कळ आधी काही जणांना वास यायचा बंद होतो, मग अक्षर बारीक होतं. आणि बोलता बोलता पंपरूम माझ्या डोळ्यांपुढे आली. जळलेली मोटार नुसत्या वासावरून ओळखणारा माणूस त्या दिवशी मला विचारत होता, वास येतो का. त्याने ते मलाच विचारलं होतं, आणि मी हे सगळं शिकायलाच तर निघाले होते. दादाला पंपरूमचं काही सांगितलं नाही. ते सांगायला मला पुढे दीड वर्ष लागलं.

गोळ्या सुरू झाल्या आणि बाबा बरेच सावरले. पण तारेचं काम गेलं. दादाने लिफ्टची नोकरी सोडून दुकान हातात घेतलं. बाबा सकाळी दुकानात जाऊन स्टुलावर बसायचे आणि दादा कुठे चुकतो ते सांगायचे. माझा रोज फोन असायचा. मी गोळ्यांच्या वेळा विचारायची, जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवता ते विचारायची. मला वाटायचं, मी खूप करतेय.

मग दादाने एका पत्रकाचा फोटो पाठवला. अंधेरीचं एक क्लिनिक. वर मेंदूचं निळं चित्र, खाली मोठ्या अक्षरात "एक्सोसोम थेरपी", आणि त्याखाली पार्किन्सन, अल्झायमर, पॅरालिसिस, ऑटिझम अशी यादी. दादाचा व्हॉइस मेसेज आनंदाने भरलेला होता. तुझाच विषय निघाला गं, इथे औषध आलंसुद्धा, पुढच्या महिन्याची तारीख घेतलीय, बाबांना सांगितलंय.

मी लगेच फोन केला आणि नको म्हटलं. हे औषध म्हणून अजून कुठेच सिद्ध झालेलं नाही, उंदरांवर काही बरं दिसतंय, माणसांवर आत्ता कुठे तपासायला घेतलंय, त्या बाटलीत नक्की काय आहे हे त्यांनाही सांगता येणार नाही. एका दमात सगळं बोलले. दादा म्हणाला, "तू तिकडून नाही म्हणायला मोकळी आहेस. इथे रोज सकाळी त्यांच्या शर्टाची बटणं मी लावतो."

दूर गेलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी हे वाक्य ऐकलेलं असतं, निदान मनात तरी. मी तीन आठवड्यांची रजा टाकली आणि आले.

भटवाडीत आमच्या बिल्डिंगसमोर टॉवर उभा राहिलाय हे मला फोटोंवरून माहीत होतं. पण त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येत नाही, हे घरात पाऊल ठेवल्यावर कळलं. बाबा दार उघडायला उठले आणि उंबरठ्यापाशी येऊन थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. मला वाटलं, मला बघून भरून आलं असेल. दादा मागून म्हणाला, दारात नेहमी असंच होतं, थांब, सुटेल. थोड्या वेळाने पाय सुटला आणि ते बाहेर आले. याला 'फ्रीझिंग' म्हणतात, हे मला माहीत होतं. प्रत्यक्ष मी ते पहिल्यांदाच बघत होते.

दोन दिवसांनी मी आणि दादा त्या क्लिनिकमध्ये गेलो, बाबांना न नेता. भांडायला जायचं नाही, नुसतं विचारायचं, असं रिक्षातच ठरलं होतं. पांढरा कोट घातलेली एक मुलगी आमच्याशी बोलायला बसली, पंचविशीतली, नम्र. मी विचारत गेले. या पुड्या कुठल्या पेशींपासून काढता? कोण काढतं? तपासणी कसली होते? इंजेक्शन कुठे देता? परवानगी कुठली? ती पत्रक उलटसुलट करत राहिली, नॅचरल आहे म्हणाली, परदेशात सर्रास देतात म्हणाली. कुठल्या देशात, असं विचारल्यावर थांबली. तिने माझं शिक्षण विचारलं, मी सांगितलं. तिचं बीएस्सी मायक्रोबायॉलॉजी, माझंही तेच, तिच्यासारखंच उपनगरातल्या एका कॉलेजातलं. तिने दाराकडे एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅम, मला यातलं खरंच एवढं माहीत नाही."

मला तिचा राग आला नाही. मला स्कॉलरशिप मिळाली नसती तर कदाचित त्या खुर्चीवर मी असते. दादाने तिचे आभार मानले आणि आम्ही उठलो.

परतताना साकीनाक्याला रिक्षा बराच वेळ अडकली. दादा बाहेर बघत होता. मी वाट बघत होते की हा आता म्हणेल, तुझंच खरं. तो म्हणाला, "मला काय ते अगदीच कळत नव्हतं असं नाही गं. पण काहीतरी करायला पाहिजे ना. नुसतं बघत कसं बसायचं रोज?" तेव्हा मी त्याला पंपरूमची गोष्ट सांगितली. माझ्या मांडीवरची पर्स घसरत होती, ती सरळ करून त्याने तशीच धरून ठेवली, घर येईपर्यंत.

बाबांना सांगायचं अजून राहिलं होतं. तारीख त्यांच्याही डोक्यात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात दादा एका मोटारीची जुनी तार तोडून काढत होता आणि बाबा स्टुलावर होते. त्यांनीच विषय काढला. मला समोर बसवून म्हणाले, "तुझा काम माका सरळ सांग. इंग्रजी नको."

मी सांगितलं. पुड्या, बिघडलेलं प्रथिन, रक्तातून शोधणं, सगळं. जे माहीत आहे ते आणि जे अजून कुणालाच माहीत नाही तेही. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. मग दादाच्या हातातल्या मोटारीकडे बघत म्हणाले, "म्हणजे तुमी अजून मोटार खोलून बघतास. बांधूक येळ आसा."

मी म्हटलं, हो.

"माझ्या येळेक होयत?"

हा प्रश्न मला लॅबमध्ये, सेमिनारमध्ये, कुठेच कुणी विचारला नव्हता. खोटं बोलायला मला एवढी चांगली संधी पुन्हा मिळणार नव्हती. "तुमच्या वेळेला बहुतेक नाही, बाबा," मी म्हटलं.

ते म्हणाले, "बरा." मग दादाकडे वळले. "संतोष, जळलेल्या मोटारीक वरसून रंग मारून दिली तर ती चार दिवस चलाची नाय. ती तारीख सोड." आणि लगेच त्याला दाखवलं की डाव्या बाजूच्या खाचेत तारेचा एक तुकडा अजून अडकलाय. दादाने चिमटा उचलला आणि तुकडा काढला. त्या दुपारी आमच्या घरात कुणी त्या क्लिनिकचं नाव काढलं नाही, पुढेही काढलं नाही.

राहिलेल्या दिवसांत आम्ही जे होण्यासारखं होतं ते केलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं की जमिनीवर आडव्या रेघा असल्या की अडकलेला पाय उचलायला सोपं जातं. दादाने दुकानातली लाल इन्सुलेशन टेप आणली आणि पलंगापासून दारापर्यंत, दारातून पॅसेजमध्ये, पावलापावलावर पट्ट्या मारल्या. पहिल्याच दिवशी बाबा उंबरठा न थांबता ओलांडून गेले आणि दादा मागे उभा राहून लिफ्टची टेस्ट पास झाल्यासारखा मान हलवत होता. शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात पार्किन्सनच्या पेशंटांचं रक्त अभ्यासासाठी घेतात. बाबा तिथे आपणहून गेले. तिथल्या माणसाने आधीच समजावलं की याचा तुम्हाला काही फायदा नाही, रिपोर्टही मिळणार नाही. बाबांनी सही केली. बाहेर आल्यावर मला विचारलं, हे रक्त तुझ्याकडे येणार का? मी म्हटलं, माझ्याकडे नाही, माझ्यासारख्या दुसऱ्या कुणाकडे. ते म्हणाले, तिलाही सरळ सांगायला शिकवलं असेल तर बरं.

निघायच्या दोन दिवस आधी आई आणि मी भाजी निवडत बसलो होतो. बाबा दुकानात गेले होते. आई खाली मान घालून म्हणाली, "ते माझ्यावर दोन वर्षं रागावलेत. कशावरून, ते मला अजून कळलं नाही."

मला वाटलं काही भांडण झालं असेल. तसं काहीच नव्हतं. ते हसत नाहीत, ती म्हणाली. मी काही सांगितलं तर नुसते बघतात, दगडासारखे. चहा चांगला झालाय का विचारलं तरी चेहऱ्यावर काही नाही. चाळीस वर्षं बोलले नाहीत फार, पण चेहऱ्यावरून कळायचं मला. आता मी त्यांना नकोशी झालेय. दादाला काय सांगणार, तुला फोनवर काय सांगणार, म्हणून गप्प राहिले.

मी भाजी बाजूला ठेवली. आईला सांगितलं की या आजारात चेहऱ्याचे स्नायू आखडतात. हसू आतून येतं, पण चेहऱ्यापर्यंत पोचत नाही. हे आम्ही शिकतो, पुस्तकात पहिल्या पानांवर असतं. ते रागावलेले नाहीत, आई. त्यांना हसता येत नाहीये.

आई माझ्याकडे बघत राहिली. "आणि हे तुला माहीत होतं?" तिने विचारलं. आवाजात तक्रार नव्हती, तरी मला ती ऐकू आली. मी रोज गोळ्यांच्या वेळा विचारत होते. आई कशी आहेस, हे विचारून उत्तराला थांबत नव्हते. मी हो म्हटलं. आईने पदराने डोळे पुसले आणि कोथिंबिरीची जुडी परत हातात घेतली. "म्हणजे मी दोन वर्षं उगाच त्यांच्याशी फटकून वागले," ती म्हणाली, "आणि त्यांना ते सांगतासुद्धा येईना."

त्या दिवशी बाबा दुकानातून आले तेव्हा आईने चहा दिला आणि नेहमीसारखी आत न जाता त्यांच्यासमोर बसली. काय बोलली ते मी ऐकलं नाही. मी मुद्दाम गॅलरीत गेले.

मी ग्रोनिंगेनला परत आले त्याला आता वर्ष होऊन गेलं. बाबा बरे होत नाहीयेत, पुढे जास्तच कठीण होणार, हे तुम्हाला खरं तेच सांगते. माझं काम चाललंय. कधी एखादा नमुना मनासारखा निघतो, कधी महिनाभराचं सगळं फुकट जातं. बाबांना द्यायला माझ्याकडे अजून काही नाही. ग्रुपवरच्या तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आणि कुणाच्या घरी असं पत्रक आलं असेल तर मला आधी फोन करा, कितीही वाजता करा. मी तुमच्यावर हसणार नाही. माझ्या दादाला काय वाटत होतं ते मी बघितलंय.

घर म्हटलं की पूर्वी मला भटवाडीतली ती दोन खोल्यांची जागा आठवायची. इकडे पाच वर्षं झाल्यावर माझ्या भाड्याच्या खोलीलाही मी घर म्हणायला लागले, आणि पहिल्यांदा म्हटलं तेव्हा चोरी केल्यासारखं वाटलं. आता नाही वाटत. आता माझं घर शनिवारी सकाळी भरतं, इथल्या नऊ वाजता, त्यांच्या दुपारच्या जेवणाच्या वेळी. आई फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवते. दादा दुकानातलं सांगतो. बाबा समोर असतात, हलत नाहीत, चेहरा रिकामा. मी लॅबमधलं काहीतरी सांगते, कुणी चुकीची बाटली फिरवली, कुणाची सायकल कालव्यात पडली.

परवा मी अशीच एक गंमत सांगितली. बाबांचा चेहरा तसाच होता. आई त्यांच्याकडे वळून थोडा वेळ बघत राहिली आणि मग मला म्हणाली, "हसतायत गं."

मी स्क्रीनजवळ जाऊन पाहिलं. मला काही दिसलं नाही. आईला दिसत होतं.